रोज वीस मिनिटं कन्नड: सुरुवात करण्याआधीची तयारी

वही आणण्याआधी एक ओळ लिहून काढा: कन्नड नेमकं कशासाठी हवं आहे? ‘भाषा यायला हवी’ एवढ्यावर भागत नाही. मला सोलापूरच्या एसटी स्टँडवर लागलेली कर्नाटकची गाडी विजयपूरची की कलबुर्गीची, हे कुणाला न विचारता पाटीवरून वाचायचं होतं आणि मंडईतल्या अक्कांशी त्यांच्या भाषेत बोलायचं होतं. हे ठरलं तेव्हा व्याकरणाचं जाड पुस्तक आपोआप बाजूला पडलं. लिपी आणि रोजची बोली, पहिल्या तीन महिन्यांना एवढं पुरे.

मग वेळ. ती घड्याळावर ठरवू नका, घरातल्या कामाला जोडा. मी आधी सकाळी सहा ते सात असा तास धरला होता. पण सोलापुरात पाण्याचा दिवस असला की सकाळ नळाची असते. दुसऱ्याच आठवड्यात तो तास मोडला. आता रात्री जेवणं उरकून ओटा पुसला की वही उघडायची, तीही वीसच मिनिटं. ओटा रोज पुसावाच लागतो, म्हणून वहीही रोज उघडते. ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधीच ठरवून ठेवलेलं काम जास्त पार पडतं, असं मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं. तुमचं असं वाक्य वहीच्या पहिल्याच पानावर लिहा. उन्हाळ्यात दुपारची वेळ तर धरूच नका.

सामान थोडं लागतं: दुरेघी वही, पेन्सिल आणि अक्षरांचा एक तक्ता. संध्याकाळीच ते ओट्याजवळच्या फळीवर काढून ठेवा. रात्री दमल्यावर वही शोधायची वेळ आली, तर अभ्यास तिथेच राहतो.

लिपीची भीती मात्र आधी घालवा. कन्नड वर्णमालेत ४९ अक्षरं आहेत आणि क्रम आपल्याच ओळखीचा: अ, आ, इ, ई, पुढे क, ख, ग. रोज तीन गिरवली तर सतरा दिवसांत वर्णमाला संपते. त्यानंतर कागुणित, म्हणजे आपली बाराखडी, आणि मग जोडाक्षरं, ज्यांत दुसरं व्यंजन खाली लिहितात. ए आणि ओ यांच्यापाशी थांबा. कन्नडमध्ये दोन्हींचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे वेगळे उच्चार आहेत, वेगळी अक्षरं आहेत. आपल्या कानाला तो फरक पटकन कळत नाही. तो पुस्तकातून येत नाही, माणसाकडूनच येतो. लिपी हाताखाली आली की शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू पाट्याही ओळखीच्या वाटू लागतात, कारण दोन्ही लिप्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात.

म्हणून माणूस आधी हेरून ठेवा. शेजारच्या काकू, कारखान्यातले अण्णा, अक्कलकोटकडची मैत्रीण, कुणीही. ‘रोज एक वाक्य विचारीन, चुकलं तर लगेच सांगा’ असं स्पष्ट बोलून घ्या. ‘बर्री’ (या), ‘ऊटा आतेन्री?’ (जेवण झालं का?) एवढं बोललात तरी समोरचा चेहरा खुलतो, आणि त्या आनंदावर पुढचे चार दिवस निघतात.

उजळणीची पानं आजच आखा. शिकलेलं किती झपाट्याने विसरतं, हे हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. आज गिरवलेली अक्षरं उद्या, मग तिसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा न बघता लिहायची. त्या तारखा समासात टाकून ठेवा.

खाड्याचीही तयारी हवी. पाहुणे येतील, ताप येईल, लग्नसराई असेल. अशा दिवसासाठी सर्वांत लहान काम आधीच ठरवा: तारीख आणि एक शब्द. तेही जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुप्पट अभ्यास करू नका, नेहमीची वीस मिनिटंच करा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयी पाहिल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, कुणाला २५४; आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. एकवीस दिवसांत सवय लागते असं ऐकलं असेल, तर ते मनातून काढा. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की माणूस स्वतःलाच नालायक ठरवून सोडून देतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

शेवटी परीक्षेचा दिवस वहीत लिहा. अठराव्या दिवशी संध्याकाळी स्टँडवर जा आणि गाड्यांच्या पाट्या अक्षर लावत वाचा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी सोलापूरचे संतकवी सिद्धरामेश्वर यांचं एखादं वचन, म्हणजे छोटी कविता, मूळ कन्नडमध्ये समोर घ्या. बाराव्या शतकातल्या त्या ओळींचा अर्थ सगळा लागणार नाही, तो काकूंना विचारा. पण शेवटची मुद्रा, म्हणजे कवीची खूण असलेलं नाव, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’, तुम्हीच वाचायची.