रुमाल कुणाकडून कुणाकडे गेला?

अगं, एक्यूए या ब्रिटिश परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हल (म्हणजे साधारण आपल्या बारावीच्या) इंग्रजी 'लिटरेचर ए'चा पहिला पेपर तीन तासांचा, 75 गुणांचा. 25 गुणांचे तीन प्रश्न, म्हणजे प्रश्नाला एक तास. त्यातली पहिली दहा मिनिटं पेन खाली ठेव, नुसतं वाच.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाचं पुस्तक आत नेता येत नाही, उतारा छापून देतात. म्हणून लांबलचक संवाद घोकू नकोस; चार-पाच शब्दांचे तुकडे पाठ कर. मी तर एकेक वस्तू धरायचे. रुमालच बघ: ऑथेल्लोकडून डेस्डेमोना, मग एमिलिया, इयागो, कॅसिओ, बियांका. एवढा प्रवास कागदावर काढलास की अर्धं नाटक हाताशी येतं. गोष्ट सांगत बसू नकोस, परीक्षकाला ती येते!

पेपरात येणाऱ्या, आधी न वाचलेल्या कवितांसाठी रोज दोन कविता मोठ्यानं वाच, स्वयंपाकघरात का होईना. हसू देत घरचे.