आयपीने उघडतं, नावाने नाही: अँड्रॉइडवर लोकल डीएनएसची दुरुस्ती

समजा, लातूरच्या एका अभ्यासिकेत प्रश्नपत्रिकांचा लोकल सर्व्हर आहे. लॅपटॉपवर ‘पेपर.लॅन’ उघडतं, पोरांच्या फोनवर उघडत नाही. लगेच राउटर रिसेट करू नका, त्यातल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील.

आधी फोनच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी (नेटवर्कमधला त्याचा आकडी पत्ता) टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. तोही उघडला नाही तर डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या यंत्रणेचा, संबंध नाही. फोन गेस्ट वायफायवर असेल, राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ (वायफायवरची उपकरणं एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू असेल, किंवा लाइट जाऊन आल्यावर सर्व्हरला नवा आयपी मिळाला असेल. आपल्याकडे हे शेवटचं कारण आधी तपासावं. राउटरच्या डीएचसीपी (आयपी वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर सर्व्हरचा आयपी त्याच्या मॅक पत्त्याला (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला) कायमचा बांधून टाका.

आयपीने उघडलं, तर गडबड नावात आहे. सेटिंग्जच्या शोधात ‘प्रायव्हेट डीएनएस’ टाका. ही सोय अँड्रॉइड ९ पासून आहे. तिथे एखाद्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचं नाव (होस्टनेम) भरलेलं असेल, तर प्रत्येक नाव बाहेरच्या सर्व्हरला विचारलं जातं आणि ‘पेपर.लॅन’ त्याला ठाऊकच नसतं. ‘ऑटोमॅटिक’ निवडा. जाहिराती अडवण्यासाठी अनेकांनी हे कधीतरी भरलेलं असतं आणि नंतर ते विसरलेले असतात. क्रोमचं ‘सिक्युअर डीएनएस’ वेगळं असतं, तेही पाहा. व्हीपीएन बंद करा.

फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये स्टॅटिक (हाताने भरलेला) आयपी दिला असेल तर ‘डीएनएस १’ मध्ये राउटरचा पत्ता घाला आणि ‘डीएनएस २’ मध्ये ८.८.८.८ (गुगलचा डीएनएस) ठेवू नका. दुसरा सर्व्हर पहिला बंद पडल्यावरच लागतो, हा गैरसमज आहे. फोन त्यालाही विचारू शकतो, आणि त्याने ‘असं नाव नाही’ म्हटलं की शोध तिथेच संपतो. म्हणूनच कधी चालतं, कधी नाही. राउटर आयपीव्ही६ (आयपीची नवी पद्धत) वरून इंटरनेट कंपनीचा डीएनएस पाठवत असेल तरी हेच होतं. तिथेही राउटरचाच पत्ता द्या.

वायफायला इंटरनेट नसेल तर फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. डेटा बंद करून पाहा.

नावाला ‘.लोकल’ शेपूट लावू नका. ते एमडीएनएससाठी (डीएनएस सर्व्हरशिवाय उपकरणांनी एकमेकांची नावं शोधण्याच्या पद्धतीसाठी) राखीव आहे, आणि जुन्या अँड्रॉइडचे ब्राउझर ते ओळखत नाहीत. आणि नुसतं ‘पेपर’ टाकलं तर क्रोम ते गुगलवर शोधतो. नावाच्या शेवटी तिरकी रेघ द्या: ‘पेपर/’.

प्रत्येक बदलानंतर एअरप्लेन मोड दहा सेकंद चालू ठेवून बंद करा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. नाहीतर जुनंच उत्तर कॅशेतून (फोनने साठवून ठेवलेल्या उत्तरांतून) येत राहील.