एलपीजी जोडताय? आधी विभाग ठरवा

ब्रिटनमध्ये नॅचरल गॅसवर काम करत असाल आणि सीसीएन१ (नॅचरल गॅसची मूळ सुरक्षा-परीक्षा) चालू असेल, तर एलपीजीसाठी (सिलिंडर-टाकीतला गॅस, मुख्यतः प्रोपेन) सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. कॉनजीएलपी१ ही नॅचरल गॅसवरून एलपीजीकडे जाण्याची बदल-परीक्षा आहे. फॉर्म भरताना मात्र विभाग बघून घ्या: घरांना पीडी, पार्क होमना (कायम राहायची, हलवता येणारी घरं) आरपीएच, कॅरॅव्हॅनला एलएव्ही. नुसत्या पीडीवर कॅरॅव्हॅनचा हीटर उघडता येत नाही.

खरी सवय मोडायची ती नाकाची. नॅचरल गॅस वर जातो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, तो खाली बसतो. म्हणून गळती शोधताना गुडघे टेका, तळघर आधी बघा. घरात प्रोपेनचा दाबही नॅचरल गॅससारखा २१ नव्हे, ३७ मिलिबार. पास झालात तरी गॅस सेफ (ब्रिटनमधली गॅस कारागिरांची अधिकृत नोंदणी) कार्डामागे एलपीजीची नोंद दिसेपर्यंत काम घेऊ नका.