अरेस्टर होता, तरी घर पेटलं: वळवाआधी या चुका टाळा

लातूरकडे वीस वर्षं वायरिंग-अर्थिंगची कामं करतोय. वळीव सुरू झाला की फोनवर फोन. चुका त्याच, माणसं तेवढी नवी.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे छतावरचा अरेस्टर, म्हणजे आकाशातली वीज झेलून पट्टीनं जमिनीत सोडणारा दांडा, बघून निर्धास्त होणं. एका वाड्याच्या मालकांनी मला ऐकवलं होतं, "मिस्तरी, आपल्याला काळजी नाही, वर अरेस्टर हाय." दोन वर्षांनी वीज पडली तेव्हा वर चढून पाहिलं. दांडा जागेवर, पण त्याखालची तांब्याची पट्टी चार फुटांवर कापलेली. चोरांनी भंगारात घातली असणार. उरलेला तुकडा कुणीतरी बाइंडिंग वायरनं पत्र्याच्या अँगलला बांधून ठेवलेला! वीज दांड्यावरून पत्र्यात, पत्र्यातून वायरिंगमध्ये आणि माळ्यावरच्या कडब्यात. घरचे सगळे खाली जळालेल्या टीव्हीभोवती हळहळत बसले. दोन तासांनी धूर दिसला तेव्हा माळा गेलेला होता. जनावरं तेवढी सोडता आली.

तेव्हापासून माझी सवय: हात पोचेल तिथपासून खाली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टीच लावायची, तांबं नाही. लोखंडाकडे चोर बघत नाही. आणि पावसाळ्याआधी पट्टी वरपासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत स्वतः बघायची. गड्याला विचारून भागत नाही.

दुसरी चूक या धंद्यातल्या नव्या पोरांची. ती म्हणतात, "अरेस्टरचं अर्थिंग वेगळं, घराचं वेगळं, दोन्ही जोडायचं नाही." खड्डे वेगळे असू देत, पण जमिनीखाली दोन्ही पट्टीनं जोडलेले हवेत. हिशोब करा. विजेचा प्रवाह साधारण 30,000 अँपिअर, खड्ड्याचा रोध 10 ओहम, म्हणजे त्या क्षणी पट्टीवर 3 लाख व्होल्ट. शेजारी घराचं अर्थिंग शून्यावर बसलंय. वीज भिंत फोडून तिकडे उडी मारणारच, आणि वाटेत लाकूड असलं तर पेटणार. वीज-संरक्षणाच्या मानकात, आयएस/आयईसी 62305 मध्येही जोडायलाच सांगितलंय, पण ते वाचतो कोण? यूट्यूबवर दहा मिनिटांत शिकलेल्यांना तर खड्ड्याचा रोध मोजणारा अर्थ टेस्टरही विकत घ्यायचा नसतो.

आणि रोध मोजायचा तो मे महिन्यात. ऑगस्टच्या ओल्या मातीत कुठलाही खड्डा छान आकडा दाखवतो. मी कोरड्या जमिनीत 10 ओहमच्या खाली आल्याशिवाय बिल देत नाही.

पट्टी काटकोनात वाकवू नका. परातीच्या कडेसारखी गोल वळवा.

कडबा, सरपण पट्टीला टेकवून ठेवू नका.

एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, आकाशातली वीज अडवत नाही. तिच्यातली फट काही मिलिमीटरची, आणि वीज आलीय ढगातून. मेन बोर्डात एसपीडी (जादा व्होल्टेजचा झटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण) लावा, त्याची खूण लाल झाली की बदला.

प्लग ढग दाटताना काढा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप मोबाइलमध्ये ठेवा. कडकडाट सुरू झाल्यावर बोर्डाला हात लावायला जाऊ नका.

घरावर वीज पडली, पण आग दिसली नाही, म्हणून झोपू नका. अग्निशमन दलाला कळवा. कडकडाट थांबल्यावर मेन बंद करा आणि बॅटरी घेऊन माळा बघा, भिंतींवर हाताची पाठ फिरवा, वास घ्या. तासाभरानं परत तेच. वासे आतल्या आत धुमसतात, भुसा तर रात्रभर धुमसत राहतो. बोर्ड पेटला असेल तर मेन बंद झाल्याशिवाय पाणी टाकू नका. मी कामाच्या पेटीशेजारी वाळूची बादली ठेवतो.