सुट्टीतलं काम आणि सराव-शिबिर: वेळ कशी बसवायची

मे महिन्यात दुकानात काम धरलेली बरीच मुलं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सरावाला दांड्या मारू लागतात, नाहीतर अर्ध्यातच काम सोडतात. त्याला आळशीपणा म्हणणं चुकीचं आहे. काम ठरवताना फक्त 'किती वाजता यायचं आणि किती मिळणार' एवढंच बोललेलं असतं. शिबिराच्या, सामन्यांच्या, अकरावी प्रवेशाच्या तारखा मालकाला कोणी सांगितलेल्या नसतात. कामाचे तास सरांना माहीत नसतात. मग एका दिवशी दोन्हीकडून फोन येतात. म्हणून आधी तारखा, मग तास आणि शेवटी पैसे, या क्रमाने ठरवा. हे मार्गदर्शन महाराष्ट्रातल्या, साधारण नववी ते अकरावीच्या मुलामुलींसाठी आहे.

कायद्याने किती तास

बाल व किशोरवयीन कामगार कायदा १९८६ चा आहे आणि त्यात २०१६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलांना बाहेर कामावर ठेवता येत नाही. घरच्या दुकानात किंवा शेतात शाळेनंतर आणि सुट्टीत मदत करता येते, तीही काम धोक्याचं नसेल आणि शिक्षणाच्या आड येत नसेल तर. १४ ते १८ या वयात काम करता येतं, पण खाणी, ज्वलनशील व स्फोटक पदार्थ आणि कारखाना कायद्यातल्या धोकादायक प्रक्रिया वर्ज्य आहेत.

तासांचे नियम फार कमी पालकांना माहीत असतात. सलग ३ तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान १ तासाची विश्रांती. विश्रांती आणि कामाची वाट पाहण्यात गेलेला वेळ धरून सगळं ६ तासांत संपलं पाहिजे. म्हणजे प्रत्यक्ष काम जास्तीत जास्त ५ तास. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही. ओव्हरटाइम नाही. एका दिवसात दोन ठिकाणी काम नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी.

सराव करणाऱ्या मुलांच्या हे नियम फार उपयोगाचे आहेत. सकाळी ८ च्या आधीचा आणि संध्याकाळी ७ नंतरचा वेळ मालकाला मागताच येत नाही, आणि मैदानावरचा सराव किंवा नाटकाची तालीम बहुतेक त्याच वेळेत असते. लग्नाच्या हॉलमधलं वाढपाचं काम मात्र या चौकटीत बसत नाही. ते रात्री ११-१२ पर्यंत चालतं आणि दुसऱ्या दिवशीचा सरावही बुडवतं. गाडीवरून सामान पोहोचवण्याचं कामही नको. गिअरच्या गाडीचा परवाना १८ व्या वर्षी मिळतो आणि अल्पवयीन मुलाने विनापरवाना गाडी चालवल्यास पालकाला २५,००० रुपये दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

तारखांचा कागद

काम शोधायला जाण्याआधी एका कागदावर एप्रिलअखेर ते जूनअखेर सगळे दिवस मांडा आणि न हलणाऱ्या गोष्टी आधी भरा.

शाळेकडून विचारून घ्या: निकालाचा दिवस, शाळा उघडण्याचा दिवस (राज्यात बहुतेक १५ जूनच्या आसपास, विदर्भात उन्हामुळे त्यानंतर), आणि दहावीत जाणाऱ्यांसाठी जादा तास आहेत का. अनेक शाळा हे तास ऐन मे महिन्यात ठेवतात आणि सूचना ग्रुपवर उशिरा येते.

क्रीडाशिक्षकांकडून: उन्हाळी शिबिराच्या तारखा, निवड चाचणी, बाहेरगावचे सामने. एनसीसीत असाल तर वार्षिक प्रशिक्षण शिबिर १० दिवसांचं असतं आणि 'ए' सर्टिफिकेटसाठी शिबिर लागतं. त्याची तारीख बऱ्याचदा ऐन वेळी कळते. म्हणून कागदावर 'मे मधले कोणतेही १० दिवस' असं लिहून ठेवा आणि मालकालाही तसंच सांगा. गायन-वादनाच्या परीक्षा देणाऱ्यांनी एप्रिल-मेच्या सत्राची तारीख धरून त्याआधीचे ८ दिवस कामाला निम्मे तासच ठेवावेत.

दहावी दिलेल्यांना सर्वांत लांब सुट्टी मिळते, पण त्यांच्याच वाटेत अकरावीचा प्रवेश येतो. २०२५-२६ पासून ही प्रक्रिया राज्यभर ऑनलाइन झाली आहे. अर्ज भरणं, पसंतीक्रम, फेरीची यादी, कागदपत्रं घेऊन कॉलेजात हजर होणं, यातल्या प्रत्येक टप्प्याला मोजकेच दिवस मिळतात. यादी लागली त्या दिवशी दुकानात गर्दी होती म्हणून प्रवेश निश्चित करायचा राहिला, असं होऊ देऊ नका. निकालानंतरच्या काळात 'आदल्या दिवशी सांगून ४ सुट्ट्या' हे आधीच ठरवून घ्या. खेळाडू कोट्यातून प्रवेश हवा असेल तर प्रमाणपत्रं मे सुरू होण्याआधीच क्रीडाशिक्षकांकडून गोळा करा. सुट्टीत शाळेचं कार्यालय रोज उघडं असेलच असं नाही.

कागद भरल्यावर उरलेले दिवस मोजा. सलग ३ आठवडेही मोकळे निघत नसतील तर महिन्याचं काम धरू नका. आठवड्यातले २-३ दिवसच लागणारं काम शोधा. आणि शिकवणीची व्हेकेशन बॅच, रोजचा सराव आणि काम ही तिन्ही एकदम असतील, तर काम सोडा. तिन्ही धरल्यावर पहिली मोडते ती झोप, आणि तिच्या मागोमाग बाकीची दोन.

कोणतं काम कशाबरोबर जमतं

हा विचार सहसा होतच नाही. वेळ जुळली तरी शरीर जुळत नाही.

धावणं, कबड्डी, खो-खो, फुटबॉल असेल तर पाच तास उभं राहायचं काम जड जातं. सकाळी धावून आल्यावर दिवसभर फरशीवर चपलेत उभं राहिलं की पोटऱ्या सैल पडत नाहीत आणि आठवड्या-दोन आठवड्यांत नडगी दुखायला लागते. दुकानातही बूट घाला, सरावाचे नव्हे, दुसरे. बसायला स्टूल मागा. आंब्याच्या पेट्या किंवा वह्यांचे गठ्ठे उचलायचं काम असेल तर ज्या दिवशी सरावात पायांचा व्यायाम जास्त, त्या दिवशी गल्ला किंवा बिलं मागून घ्या. दुखणं दाबल्यावर हाडाच्या एकाच जागी होत असेल तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. मलम चोळून पळत राहिल्याने हाडाला बारीक चीर जाऊ शकते.

नाटक किंवा गाणं करत असाल तर स्टॉलवर ओरडून गिऱ्हाईक बोलवायचं काम घेऊ नका. दोन-चार दिवसांत आवाज बसतो आणि तालमीत पुन्हा ताणला जातो. वाचनालय, झेरॉक्सचं दुकान, छोट्यांची शिकवणी ही कामं बरी. तबला, पेटी, चित्रकला असेल तर दिवसभर टायपिंगचं काम टाळा, मनगटं तीच वापरली जातात. रसवंतीगृहात काम धरलंत तर गिऱ्हाइकांना ग्लास देणं आणि पैसे घेणं एवढंच करा. चालू चरकात ऊस सरकवायचं काम करायचं नाही, मालक कितीही ओळखीचा असला तरी. बोटं अडकायला एक क्षण पुरतो.

आमच्या मते सगळ्यांत चांगलं काम म्हणजे स्वतःच्याच खेळातलं किंवा कलेतलं: लहान मुलांच्या शिबिरात मदतनीस, सामन्यांचं गुणलेखन, मैदानाची आखणी. पैसे थोडे कमी मिळतात, पण सराव आणि कामाची जागा एकच राहते आणि जाण्यायेण्याचा तास वाचतो.

दिवसाची मांडणी

सकाळी सराव असेल तर: ५:१५ ला उठणं, ६ ते ८ सराव, ८:३० ला पोटभर नाश्ता, ९:१५ ते १० डुलकी, ११ ते २ काम, २ ते ३ जेवण, ३ ते ५ काम, ८ ला रात्रीचं जेवण, ९:३० ला झोप. रात्रीची पावणेआठ तास आणि सकाळची पाऊण तास मिळून साडेआठ तास झोप होते. या वयात ८ ते १० तास लागते. डुलकी वगळली तर हे वेळापत्रक कोसळतं, म्हणून १० ला दुकानात या म्हणणाऱ्या मालकाला ११ च सांगा.

संध्याकाळी तालीम असेल तर: ७ ला उठणं, ९ ते १२ काम, १ ते ३ काम, घरी येऊन तासभर आडवं होणं, ६ ते ८:३० तालीम, १०:३० ला झोप.

जाण्यायेण्याचा वेळ सगळे विसरतात. बसने पाऊण तास लागत असेल तर रोजचा दीड तास गेला. घरापासून सायकलने २० मिनिटांपेक्षा लांबचं काम, थोडे जास्त पैसे मिळत असले तरी, सराव करणाऱ्याला परवडत नाही.

ऊन हा वेगळा हिशेब आहे. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा १२ ते ४ उघड्यावरचं काम घेऊ नका. सराव झाल्यावर लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. जास्त घाम गेला असेल तर १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने टाकू नका. चक्कर, डोकं ठणकणं, मळमळ जाणवली तर लगेच सावलीत बसा, अंगावर पाणी घ्या. बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली तर अंग गार करत थेट दवाखाना.

मालकाशी काय बोलायचं

समोर बसून बोला आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. साधारण असं:

'नमस्कार काका. मी ५ मे ते ७ जून येईन. रोज ११ ते ५, मध्ये २ ते ३ जेवणाची सुट्टी. रविवारी येणार नाही. १९ ते २८ मे एनसीसीचं शिबिर आहे, तारीख बदलली तर लगेच कळवेन. सकाळी सराव असतो म्हणून ११ च्या आधी जमणार नाही. रोजाचे ठरलेले पैसे दर शनिवारी घेईन. चालेल ना?'

यातलं 'रोजाचे' महत्त्वाचं. महिन्यावर पगार ठरला आणि मध्ये शिबिर आलं की ६,००० भागिले ३० करायचे (२०० रुपये) की २६ (साधारण २३० रुपये), यावर वाद होतो. रोजावर ठरलं की तो प्रश्नच उरत नाही. वहीत रोज आल्याची-गेल्याची वेळ आणि मिळालेली रक्कम लिहा. अर्ध्या दिवसाचे किती, हेही पहिल्याच दिवशी विचारा. सामन्याच्या दिवशी तेच लागतं.

सरांनाही तसाच निरोप द्या: कोणत्या दिवशी थकलेले असाल, कोणत्या आठवड्यात पूर्ण वेळ देऊ शकाल. चांगले प्रशिक्षक जड व्यायाम तुमच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवतात, पण त्यांना माहीत असेल तरच.

काम देण्याआधी नोंदणी फी, अनामत किंवा 'किट'चे पैसे मागणारा माणूस फसवणारा समजा. व्हिडिओ लाइक करून पैसे, घरबसल्या टायपिंग, 'तुझ्या खात्यावर रक्कम येईल ती पुढे पाठव', हे सगळं नाकारा. शेवटच्या प्रकारात पोलिसांच्या चौकशीत खातेदारच अडकतो. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करा. मालक त्रास देत असेल, मारहाण किंवा नको ती सलगी करत असेल, तर घरी सांगा आणि १०९८ ला फोन करा.

जूनचे तीन आठवडे

वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोटच्या दुकानांत खरी गर्दी जूनमध्ये असते, आणि शाळाही तेव्हाच उघडते. मालकाला तुम्ही सगळ्यात जास्त हवे असता तेव्हाच तुम्हाला निघायचं असतं. म्हणून अशा दुकानात शेवटची तारीख पहिल्याच दिवशी सांगा, १० दिवस आधी पुन्हा आठवण करा आणि जमल्यास एखाद्या मित्राला जागेवर आणून दोन दिवस काम शिकवा. शेवटचा दिवस शाळा उघडण्याच्या किमान ५ दिवस आधीचा ठेवा. त्या पाच दिवसांत झोपेची वेळ शाळेच्या वेळेवर आणायची असते आणि सराव पुन्हा पूर्ण तासांवर न्यायचा असतो. तालुका पातळीच्या शालेय स्पर्धा त्यानंतर फार लांब नसतात. मेमध्ये कमी केलेला व्यायाम एकदम वाढवू नका, दर आठवड्याला थोडा थोडा वाढवा.

शाळा सुरू झाल्यावरही काम हवंच असेल तर शनिवार-रविवारपैकी एकच दिवस ठरवा. दुसरा दिवस रिकामा ठेवा, कारण सामने त्याच दिवशी लागतात. काम सोडताना हिशेब त्याच दिवशी पूर्ण करून घ्या आणि मालकाकडून दुकानाच्या शिक्क्यासह चार ओळींचं पत्र मागा: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, काय काम केलं. पुढच्या वर्षी दुसरीकडे काम मागायला जाल तेव्हा ते दाखवता येतं.