भिंतीतल्या वायरिंगची दुरुस्ती करताना या चुका टाळा

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये कन्सील्ड वायरिंगची कामे करताना गेल्या वीस-बावीस वर्षांत मला भिंतीच्या आत जे फॉल्ट सापडले, त्यांतले फारच थोडे वायर जुनी झाल्यामुळे झालेले होते. कोणी बोर्डाच्या वर ड्रिल लावले होते, कोणी प्लास्टरखाली सांधा पुरून टाकला होता, तर कोणी सतत पडणारा, म्हणजे आपोआप बंद होणारा, आरसीसीबी (वीज अर्थकडे गळू लागली की पुरवठा तोडणारे सुरक्षा उपकरण) काढून वायर थेट जोडून दिली होती. त्याच चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत जास्त नुकसान बोर्डाच्या सरळ रेषेत भोक पाडल्याने होते. आपल्याकडील इमारतींत स्विचबोर्डाचा पाइप बहुधा स्लॅबमधून किंवा बीमखालून सरळ उभा उतरतो, आणि शेजारशेजारच्या दोन बोर्डांमध्ये तो आडवाही जातो. तरीही वॉटर प्युरिफायर नेमका ओट्यावरच्या प्लगच्या डोक्यावर बसवला जातो आणि टीव्हीचा स्टँड प्लगच्या मध्यरेषेत ठोकला जातो, कारण तिथे तो शोभून दिसतो. बोर्डाच्या रुंदीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा धरून जमिनीपासून छतापर्यंतचा तो सगळा पट्टा मी वर्ज्य मानतो. शंका असेल तर मेन बंद करून बोर्डाची प्लेट उघडावी. दोन स्क्रू काढले की पाइप पेटीत वरून शिरला आहे, खालून की बाजूने, हे डोळ्यांनी दिसते. या पाच मिनिटांचा कंटाळा करणाऱ्या माणसाच्या हातात ड्रिल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वायर शोधणाऱ्या स्वस्त डिटेक्टरवर विसंबू नका. ओल्या भिंतीवर तो कुठेही वाजतो आणि काँक्रीटमधल्या सळईलाही वायर समजतो.

मेन बंद केला म्हणजे घरातली प्रत्येक वायर मेली, असे समजणे ही त्याहून घातक चूक आहे. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन बंद होताच इन्व्हर्टर सुरू होतो आणि दिवे-पंख्यांच्या वायरींत पूर्ण व्होल्टेज राहते. मी आधी इन्व्हर्टरचे आउटपुट सोडवतो, मग मेन बंद करतो, आणि त्यानंतरही प्रत्येक वायर मीटरने तपासल्याशिवाय हात लावत नाही.

आता आरसीसीबीविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण याबाबतीत सुशिक्षित घरांतही गैरसमज दिसतो. तीन वर्षांपूर्वी चिंचवडमधील एका फ्लॅटमध्ये रोज सकाळी गिझर लावला की आरसीसीबी पडत असे. आधी गिझरची कॉइल बदलली, नंतर गिझरच बदलला, आणि तरीही पडणे थांबेना तेव्हा आधीच्या वायरमनने आरसीसीबी काढून टाकण्याचा सल्ला दिला. त्या घरातल्या काकूंनी मला विचारले, “अहो दादा, गिझर तर कोरा करकरीत आहे, मग फॉल्ट कुठून आला?” मी विचारले, “काकू, हे सुरू होण्याच्या आसपास भिंतीला कुठे भोक पाडले होते का?” तेव्हा दसऱ्याला हॉलमध्ये देव्हारा बसवल्याचे त्यांना आठवले. देव्हारा अर्थातच प्लगच्या बरोबर वर होता.

आरसीसीबी फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांची तुलना करतो. घरगुती आरसीसीबीत या दोहोंमधला फरक 30 मिलिअँपियरपर्यंत पोहोचण्याआधीच तो पडतो. न्यूट्रलची वायर भिंतीत कुठेतरी अर्थला लागली असेल, तर कमी लोडवर काहीच जाणवत नाही. परंतु 2 किलोवॉटचा गिझर जवळजवळ 9 अँपियर खेचू लागला की परतीच्या प्रवाहाचा लहानसा वाटा त्या चुकीच्या वाटेने अर्थमध्ये जातो आणि आरसीसीबी पडतो. दोष हॉलच्या भिंतीत असतो आणि ठपका बाथरूममधल्या गिझरवर येतो. एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप बंद होणारे, प्रत्येक सर्किटचे स्विच) एकेक करून पाडून पाहिल्याने हा फॉल्ट सापडत नाही, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो आणि न्यूट्रल जोडलेलाच राहतो. मी मेन बंद करून डीबीतल्या (एमसीबी बसवलेल्या वितरण पेटीतल्या) न्यूट्रल लिंकवरून, म्हणजे सगळे न्यूट्रल जोडलेल्या पट्टीवरून, एकेका सर्किटचा न्यूट्रल सोडवत गेलो आणि प्रत्येक वेळी झाकण लावून, मेन सुरू करून गिझर लावून पाहिला. हॉलच्या प्लगचा न्यूट्रल सोडवल्यावर गिझर निमूटपणे चालला. नंतर देव्हाऱ्याचा डावीकडचा स्क्रू काढला, तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये तांब्याची केसाएवढी तार आणि काळ्या व हिरव्या आवरणाचा चुरा अडकलेला होता. तोच स्क्रू जरा सरकून फक्त फेजला टेकला असता, तर 16 अँपियरचा एमसीबी हलला नसता आणि देव्हाऱ्याची घंटा टांगलेली लोखंडी पट्टी 230 व्होल्टवर राहिली असती. त्यातून माणसाला वाचवणारे एकमेव उपकरण काढून टाकण्याचा सल्ला त्या घराला मिळाला होता, याचा मला आजही संताप येतो.

अशी जखमी वायर टेप गुंडाळून पुन्हा प्लास्टरखाली पुरणे, ही माझ्या दृष्टीने दुरुस्तीच नव्हे. उष्णतेने टेपचा गोंद सुटतो, पश्चिमेकडच्या भिंतीत पावसाळ्यात ओल उतरते, आणि पुढच्या आषाढात तोच फॉल्ट परत येतो. शिवाय तो कोणत्या भिंतीत पुरला हे तोपर्यंत कोणाला आठवत नाही. बोर्डापासून जंक्शन बॉक्सपर्यंत अख्खी वायर बदलावी. सांधा टाळणे अशक्यच असेल, तर तो पेटीत कनेक्टरने करावा आणि पेटीची प्लेट बाहेरून उघडता येईल अशी ठेवावी. प्लेट दिसते म्हणून घरमालक कुरकुर करतात, तरी मी ती झाकू देत नाही.

वायर बदलताना नवशिके आधी जुनी वायर ओढून काढतात आणि मग पाइपात स्प्रिंग (वायर ओढून घेण्याची लवचीक तार) सरकवत तासभर झगडतात. जुनी वायर हीच तुमची दोरी आहे. मी नवीन वायरींची टोके दहा सेंटिमीटर सोलून पुढेमागे ठेवतो, जुन्या वायरीच्या आकड्यात अडकवतो, वर टेप निमुळती गुंडाळतो आणि शंखजिऱ्याची पावडर लावतो. एकाने तिकडून वायर सरळ करून सोडायची आणि दुसऱ्याने इकडून सावकाश ओढायची. माझ्याकडे आलेल्या एका पोराने अडकलेली वायर झटका देऊन ओढली, ती बेंडमध्ये तुटली, आणि वीस मिनिटांच्या कामासाठी दीड दिवस भिंतीला झिरी (पाइपासाठी खाच) मारावी लागली. पाइपाला पडलेले भोकही बुजवायला विसरू नका, नाहीतर प्लास्टर करताना सिमेंटचा गिलावा आत उतरून घट्ट होतो आणि त्या पाइपातून पुन्हा वायर जात नाही.

प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटला की “डबल फेज आला” असे म्हणून लोक घाबरतात. बहुतेक वेळा मागे कुठेतरी न्यूट्रल तुटलेला असतो आणि एखाद्या सुरू उपकरणातून फेज त्या वाटेने परत आलेला असतो.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून 16 च्या जागी 32 अँपियरचा बसवू नका. अडीच चौरस मिलिमीटरची वायर तेवढा भार पेलत नाही आणि भिंतीच्या आत ती तापलेली कोणाला दिसत नाही.

दुरुस्ती झाल्यावर दिवा लागला म्हणजे काम संपले, असेही नाही. त्या सर्किटवरचे दिवे, चार्जर आणि उपकरणे सोडवून, ते सर्किट डीबीपासून मोकळे करून मी 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन तपासतो. फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ, फेज आणि न्यूट्रल अशा तिन्ही जोड्यांचे रीडिंग 1 मेगाओमच्या वर हवे; नवीन वायरीचे ते त्याहून कितीतरी जास्त येते, आणि जेमतेम 1 आले तर मी भिंत बंद करत नाही. परवानाधारक वायरमनला हे रीडिंग दाखवायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. झिरी उघडी असतानाच मोजपट्टी लावून, जमिनीपासूनचे आणि कोपऱ्यापासूनचे अंतर दिसेल असा फोटो काढावा आणि तेच आकडे डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस मार्करने लिहून ठेवावेत, कारण फोन बदलतो, पण डीबी त्याच भिंतीवर राहतो.