वेब ॲपमध्ये स्क्रीन रीडरने कसं फिरावं: दाबलेलं अक्षर कोणाकडे जातंय ते आधी ओळखा

देवगडच्या आमच्या बागेतल्या हापूसच्या ऑर्डरी घेणं, पेट्यांची पार्सलं बुक करणं, बँकेत पैसे जमा झाले का ते बघणं ही कामं घरात माझ्याकडे आहेत. मला दिसत नाही. लॅपटॉपवर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, बोलतं, मी ऐकते आणि कीबोर्डवरून सगळं करते. कणकवली-कुडाळकडच्या काही जणांना शिकवलंही आहे. शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच सल्ला सोबत घेऊन येतो: "साइट उघडली की चौदा वेळा टॅब दाबायचा, मग बुकिंगचं बटण येतं." कोणीतरी डोळस माणसाने शेजारी बसून मोजून दिलेलं असतं ते. चार दिवसांनी साइटवर एक नवी लिंक वाढते आणि चौदावा टॅब भलत्याच जागी जाऊन पडतो. माणसाला वाटतं, आपलंच चुकलं. टॅब मोजणं आजच सोडा.

एनव्हीडीए बसवलेलं आहे, बोटं कीबोर्डवर सरावलेली आहेत आणि बाणांनी ओळ-ओळ वाचता येते, एवढं मी गृहीत धरते. एनव्हीडीएची की म्हणजे इन्सर्ट. लॅपटॉपवर सेटिंगमधून कॅप्सलॉक करून घ्या, बोटांना सोपं जातं. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि ते आजही फुकट मिळतं. त्यामुळे कोणी महागड्या स्क्रीन रीडरची चोरीची प्रत बसवून देतो म्हणाला तर सरळ नको म्हणा. जॉज हा विकतचा स्क्रीन रीडर ज्यांनी रीतसर घेतलेला असेल त्यांनाही पुढचं तत्त्व लागू आहे, पण काही की वेगळ्या आहेत आणि नावंही: पुढे येणाऱ्या ब्राउझ मोड आणि फोकस मोडला तिथे व्हर्च्युअल कर्सर आणि फॉर्म्स मोड म्हणतात.

पान उघडल्यावर

आधी कंट्रोल दाबून बडबड थांबवा. एनव्हीडीएची की आणि टी एकत्र दाबून पानाचं नाव ऐका. मग एच दाबत मथळ्यांवरून जा, डी दाबत पानाच्या मोठ्या भागांवरून जा. लिहायच्या चौकटीसाठी ई, बटणासाठी बी, चेकबॉक्ससाठी एक्स, कॉम्बो बॉक्ससाठी सी, टेबलासाठी टी. शिफ्ट धरून तेच अक्षर दाबलं की मागे. एनव्हीडीए आणि एफ७ दाबलं तर लिंका, मथळे, बटणं यांची यादीच समोर येते. आठवडाभर रोज वापरा, पाठ होतं.

कोणता मोड चालू आहे

इथे मी स्वतः सहा महिने अडकले होते, म्हणून इथे थांबून सांगते.

बातमीचं पान वाचायचं असतं. मेल, पार्सलचं बुकिंग, बँक, ऑनलाइन हिशोबाची वही ही वाचायची पानं नव्हेत, ती चालवायची यंत्रं आहेत. दोन्ही उघडतात एकाच ब्राउझरमध्ये, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. ब्राउझ मोडमध्ये तुम्ही दाबलेलं अक्षर एनव्हीडीए स्वतःकडे ठेवतं आणि तो हुकूम समजतं. फोकस मोडमध्ये तेच अक्षर पानाकडे जातं. तुमचं बोट तेच, अक्षर तेच, घेणारा बदलतो.

शहराच्या चौकटीत इंग्रजीतून कोल्हापूर लिहायला गेलात आणि ब्राउझ मोडमध्येच राहिलात, तर काय होतं बघा. के दाबल्यावर पुढच्या लिंकवर उडी. ओ दाबल्यावर पानात बसवलेला पुढचा व्हिडिओसारखा घटक शोधला जातो. एलवर पुढची यादी, एचवर पुढचा मथळा, शेवटच्या आरवर रेडिओ बटण. सगळी अक्षरं लिहून झाली, चौकट रिकामी, आणि तुम्ही पानाच्या तळाशी कुठेतरी. नवा माणूस इथे घाबरून लॅपटॉप मिटतो.

याच्या उलट झालं तर जास्त महागात पडतं. एप्रिल महिना, ऑर्डरींचा जोर. मी ब्राउझरमध्ये मेल उघडून एकेक ऑर्डर वाचत होते. मधेच टॅब दाबला गेला, फोकस मेलच्या यादीत गेला आणि फोकस मोड चालू झाला. मला वाटलं, मी अजून ब्राउझ मोडमध्येच आहे. उत्तर लिहायची चौकट हवी म्हणून मी ई दाबलं. काही बोललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. त्या मेलमध्ये ई म्हणजे "हा मेल यादीतून उचलून साठवणीत टाक" असा शॉर्टकट होता. तीन ऑर्डरी माझ्या डोळ्याआड नव्हे, कानाआड गेल्या. आठवड्याने धाकट्या भावाने विचारलं, "ताय, कोल्हापूरची ऑर्डर खंय गेली?" मेल सापडले, पण तोवर त्या माणसाने आंबे दुसरीकडून घेतले होते. पिकायला लागलेला आंबा आठवडाभर वाट बघत नाही. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: मोड कोणता ते माहीत नसेल तर अक्षर दाबायचं नाही.

आता मोड बदलतो कसा, ते नीट ऐका, कारण बहुतेक शिकवणारे हे अर्धवट सांगतात. टॅबने लिहायच्या चौकटीवर पोचलात तर एनव्हीडीए आपणहून फोकस मोडमध्ये जातं. ई दाबून किंवा बाणाने त्याच चौकटीवर पोचलात तर जात नाही. तिथे एंटर दाबावं लागतं. एकाच चौकटीवर एकदा लिहिता येतं आणि एकदा येत नाही, याचं कारण हे आहे. साइट बिघडलेली नसते.

बाहेर येण्याचंही तसंच. फोकस मोड आपणहून चालू झाला असेल तर एस्केप दाबल्यावर ब्राउझ मोड परत येतो. पण तुम्ही एनव्हीडीए आणि स्पेस दाबून तो मुद्दाम चालू केला असेल, तर एस्केप थेट पानाकडे जातो आणि समोर उघडलेला फॉर्म बंद होऊ शकतो. भरलेला पत्ता गेला. म्हणून ज्याने आत गेलात त्यानेच बाहेर या: मुद्दाम आत गेलात तर पुन्हा एनव्हीडीए आणि स्पेस.

मोड बदलला की एनव्हीडीए दोन वेगळे छोटे आवाज करतं. अनुभवी लोक म्हणतात, आवाजाची सवय होते. होते, पण अंगणात ट्रक लागलेला असताना, पेट्यांना खिळे ठोकत असताना तो बारीक आवाज कोणाला ऐकू येणार? शिकताना एनव्हीडीए, कंट्रोल आणि बी एकत्र दाबा, ब्राउझ मोडची सेटिंग उघडते. त्यात "ऑडिओ इंडिकेशन ऑफ फोकस अँड ब्राउझ मोड्स" असा चेकबॉक्स आहे, त्याची खूण काढा. मग आवाजाऐवजी एनव्हीडीए शब्दांत "फोकस मोड", "ब्राउझ मोड" असं बोलतं. मी ज्यांना शिकवते त्यांच्या लॅपटॉपवर पहिल्या दिवशी हीच खूण काढते.

आणि गोंधळ झालाच तर एनव्हीडीए आणि टॅब दाबा. आत्ता फोकस कशावर आहे ते सांगतं. पानातल्या छोट्या खिडकीत अडकल्यासारखं वाटलं तर एनव्हीडीए, कंट्रोल आणि स्पेस. पान बदललंय पण जुनंच वाचतंय असं वाटलं तर एनव्हीडीए आणि एफ५.

मेलसारख्या ज्या ॲपमध्ये एकेका अक्षराचे शॉर्टकट बंद करण्याची सोय आहे, तिथे सुरुवातीला ते बंदच ठेवा. दोन मालक एकाच अक्षरावर हक्क सांगतात तेव्हा एकाला घराबाहेर ठेवलेलं बरं. सहा महिन्यांनी हात बसला की उघडा. ते खरंच वेगवान आहेत.

सुचवण्यांची चौकट

शहर, बँकेची शाखा, पिन कोड अशा चौकटींत तीन-चार अक्षरं लिहिली की खाली नावांची यादी उघडते. इथली चूक अशी की आपण पूर्ण नाव लिहितो, टॅब दाबून पुढे जातो आणि समजतो भरलं. साइटच्या लेखी काहीच निवडलेलं नसतं. अक्षरं लिहा, क्षणभर थांबा, खालचा बाण दाबा, नाव ऐका, एंटर. टॅब त्यानंतर. मग मागे येऊन चौकट एकदा वाचा. देवगड नावाचं गाव एकट्या सिंधुदुर्गात नाही, त्यामुळे गावाबरोबर जिल्हाही ऐकल्याशिवाय एंटर दाबू नका.

खालच्या बाणावर काहीच बोललं नाही तर ती यादी नीट बांधलेली नाही. एनव्हीडीए आणि स्पेसने ब्राउझ मोडमध्ये या, चौकटीच्या खाली बाणाने उतरत जा. बरेचदा नावं तिथे साधी ओळ म्हणून पडलेली असतात आणि एंटर दाबल्यावर निवडलीही जातात. एस्केप दाबू नका, यादी मिटते.

तारखेच्या चौकटीत लिहू देत असेल तर लिहा. लिहू देत नसेल तर नीट बांधलेल्या कॅलेंडरमध्ये डावा-उजवा बाण दिवस बदलतो, वर-खाली आठवडा, पेज अप आणि पेज डाउन महिना.

बटण दाबलं आणि शांतता पसरली

सबमिटवर एंटर दाबला, एनव्हीडीए गप्प. पुन्हा दाबू नका. पैशाच्या व्यवहारात तर मुळीच नाही. बऱ्याच साइटवर लाल अक्षरांत "पिन कोड चुकीचा" असं उमटतं, पण ते स्क्रीन रीडरला कळवायची सोय बनवणाऱ्याने केलेली नसते. ती सोय एरिया (ARIA) नावाच्या, वेब पानं स्क्रीन रीडरला कळावीत म्हणून केलेल्या मानकात लिहून ठेवलेली आहे. त्याची पहिली आवृत्ती २०१४ साली पक्की झाली. इतक्या वर्षांनीही कोडमधली ती एक ओळ लिहायची राहते, याचा मला मनापासून राग येतो.

दहापर्यंत मोजा, पानाचं नाव पुन्हा ऐका. नाव बदललं असेल तर पुढचं पान आलं. तेच असेल तर ब्राउझ मोडमध्ये येऊन वरून ई दाबत प्रत्येक चौकट तपासा. चूक नीट नोंदवलेली असेल तर एनव्हीडीए "इनव्हॅलिड एंट्री" म्हणतं. नसेल तर चौकटीच्या खालची एक ओळ वाचा, किंवा एनव्हीडीए, कंट्रोल आणि एफ दाबून इंग्रजीत "प्लीज" हा शब्द शोधा. चूक सांगणारे संदेश बरेचदा त्याच शब्दाने सुरू होतात.

लांब फॉर्म वेळेच्या मर्यादेत भरायचा असेल तर पत्ते आधीच नोटपॅडमध्ये लिहून ठेवा आणि चिकटवा. मे महिन्यात वळवाच्या सरीबरोबर आमच्याकडे वीज जाते, तिच्यामागे इंटरनेट जातं, आणि साइट पहिल्यापासून सुरू करायला लावते. चिकटवणं दोन मिनिटांचं काम असतं.

कॅप्चा

समोर माणूसच आहे ना हे तपासायला साइट चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायला लावते, तो कॅप्चा. ती अक्षरं स्क्रीन रीडर वाचू शकत नाही. ऐकण्याचा पर्याय असेल तर बी दाबत "ऑडिओ" म्हणणारं बटण शोधा. इअरफोन लावा आणि एनव्हीडीए आणि एस दाबून बोलणं थोडा वेळ बंद ठेवा, नाहीतर दोन आवाज एकमेकांवर चढतात. पर्याय नसेल तर घरातल्या माणसाकडून फक्त चित्र वाचून घ्या. पासवर्ड आणि ओटीपी मात्र स्वतः ऐका, स्वतः लिहा, माणूस कितीही जवळचा असो.

आणि पर्याय नसल्याची तक्रार लेखी करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं आहे. तक्रारीत "साइट चालत नाही" एवढंच लिहिलंत तर उत्तर येतं, "आमच्याकडे चालते." कोणतं पान, कोणती चौकट, कोणती की दाबली, एनव्हीडीए काय बोललं, हे चार मुद्दे लिहा. एका पार्सल सेवेला मी असं लिहिलं तेव्हा पुढच्या हंगामात त्यांची शहराची चौकट बोलायला लागली.

पावती

बुकिंग झालं की एच दाबून पावतीच्या मथळ्यावर या. पार्सलचा नंबर उजव्या बाणाने एकेक आकडा ऐका, मग शिफ्ट आणि बाणाने निवडून कंट्रोल आणि सी. नोटपॅडमध्ये गिऱ्हाइकाच्या नावापुढे चिकटवा आणि तिथे परत एकदा वाचा. पेटीवर नंबर लिहिणाऱ्याला तो तोंडी सांगू नका, फोनवर पाठवा.